तू बस, मी आणते

घरात कोण किती बोलतं याचा जमाखर्च कुणी ठेवत नाही, हे बरंच आहे. ठेवला असता तर भल्याभल्या घरांत खर्चाच्या बाजूला एकच शब्द पानभर निघाला असता. फौजीच्या घरात तो शब्द कोणता हे कळायला एक कुत्रा यावा लागला, आणि कळेपर्यंत त्या कुत्र्यावर परत जायची वेळ आली.

फौजी म्हणजे पहिल्या मजल्यावरचा. आता तो फौजेत नाही. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला, कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं तेही हललं, आणि सैन्यानं त्याला मानानं घरी पाठवलं. पण शेजाऱ्यांनी दिलेलं नाव निवृत्त होत नसतं. नवा पाय बसवून झाला होता आणि त्या पायावर तो बऱ्यापैकी चालायचाही. अडचण उठण्याची होती. खुर्चीतून उठला की खोली त्याच्याभोवती हळूच अर्धा फेरा मारायची, आणि तो फेरा संपेपर्यंत काहीतरी घट्ट धरायला लागायचं.

धरायला माणसं होती. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आई. बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का' असं विचारून घरी यायची, त्यामुळे घरात काही विचारत नसे, नुसती बघत असे. आई हॉस्पिटलातली निवृत्त सिस्टर. पडलेल्या माणसांना सांभाळण्यात तिचा हात इतका बसलेला की उभी माणसं तिला बघवत नसत.

आणि मग साहेब आला. साहेब हे कुत्र्याचं नाव. जखमी सैनिकांसाठी कुत्रे तयार करणारं एक केंद्र शहराबाहेर होतं, तिथला तो. पिल्लू असताना वाडगं समोर आलं की आधी आणणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून मगच तोंड लावायचा, म्हणून हे नाव पडलं. रुंद छाती, जाड हाडं, मातकट रंग. पाठीवर पट्ट्यांचा साज आणि त्यावर एक ताठ मूठ. फौजीनं 'उभा' म्हटलं की साहेबानं चारी पाय रोवून खांब व्हायचं. फौजीनं मूठ धरून उठायचं, खोलीला तिचा अर्धा फेरा मारू द्यायचा, मग म्हणायचं 'चल'. खाली पडलेली काठी आणि किल्ली तोंडानं उचलून देणं हे वरकाम.

शेजाऱ्यांना विषय मिळाला. "जन्मभर साहेबांचे हुकूम झेलले, आता साहेबालाच हुकूम सोडतोय. बढती म्हणतात ती हीच!" फौजी हसला. तो बऱ्याच महिन्यांनी हसला, हे बायकोनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

तिला त्यानं एकदा सांगितलं होतं, "तुझा हात धरला ना, की तू जाशील तिकडे मी जातो. ही मूठ धरली की मी जाईन तिकडे हा येतो. तुला राग येईल, पण फरक आहे."

"राग कसला येतोय? शिंपिणीनं परवा विचारलं, ताई, तुमचा एक खांदा खाली का म्हणून. ने बाबा तुझ्या साहेबाला जगभर."

जगभर राहिलं बाजूला. पहिले काही दिवस फौजी आणि साहेब कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत जाऊन आले, मागून बायको असायचीच, आणि मग साहेबाला बसायची खोड लागली. बाहेर तो शहाण्यासारखा वागायचा. घरात मात्र ऐन उठायच्या वेळी, पाय रोवून उभा असताना, खुशाल बसायचा.

एका सकाळी फौजी पाणी प्यायला उठत होता. "साहेब, उभा." साहेब उभा राहिला. फौजीनं मूठ धरली, अर्धा उठला, स्वयंपाकघरातून आईनं काहीतरी म्हटलं, आणि साहेब शांतपणे बसला. मूठ खाली गेली, तिच्यामागे फौजी गेला. कोपर फुटलं. साहेब त्याच्याकडे असा बघत होता की जणू कामगिरी फत्ते.

आई धावत आली. "मी सांगत नव्हते? मुक्या जिवाच्या भरवशावर माणूस सोडायचा का? थांब, हलू नकोस. तू बस, मी आणते पाणी."

साहेब गडबडीत उठून उभा राहिला होता, तो पुन्हा बसला. कोपराच्या नादात कुणाचं लक्ष गेलं नाही.

केंद्राची अट सरळ होती. टेकू देताना जो कुत्रा बसतो, तो माणसाला पाडतो, आणि पाडणारा कुत्रा घरी ठेवता येत नाही. पंधरवड्यानं केंद्राचे प्रमुख तपासणीला यायचे होते. त्यांच्यासमोर साहेब बसला तर त्याच संध्याकाळी त्याच गाडीतून परत. रांगेत इतरही सैनिक होते, त्यामुळे दुसरा कुत्रा कधी मिळेल याचा नेम नव्हता. तसाही फौजीनं निकाल देऊन टाकला होता, "हा गेला तर दुसरा नको. सारखे निरोप समारंभ करायला मी काय मंत्री आहे?"

तो हसत म्हणाला, पण त्या दिवशी त्यानं नवा पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला तो संध्याकाळपर्यंत घातला नाही.

केंद्राच्या ट्रेनरबाई दुसऱ्या दिवशी आल्या. कमी बोलणाऱ्या होत्या. खिशात कायम खाऊचे तुकडे, त्यामुळे रस्त्यावरची भटकी कुत्रीही त्यांना ओळख दाखवत. "रोज जे चालतं तेच चालू द्या," म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन गप्प राहिल्या.

रोजचं चालू झालं. फौजी वर्तमानपत्रासाठी उठायला लागला. "अरे, तू बस, देते की मी!" साहेब बसला. दाराची बेल वाजली, वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. "ये गं, बस." साहेब नुकता उभा राहिला होता, तो पुन्हा बसला. सून चहात दूध ओतत होती. "बस, बस! बस झालं दूध." साहेब आधीच बसलेला होता. त्यानं आणखी बसता येतं का ते पाहिलं.

ट्रेनरबाईंना हसू आलं, आणि लगेच विरलं. त्यांनी विचारलं, "काकू, साहेबाला जेवण कोण घालतं?"

"मीच. याला कुठे वाकायला लावायचं? मी म्हटलं, तू बस, मी घालते."

साहेबानं शेपटी हलवली. बसल्याबसल्या.

"कुत्रा बिघडलेला नाही," ट्रेनरबाई म्हणाल्या. "या घरातलं सगळ्यात आज्ञाधारक माणूस तोच आहे. ज्याच्या हातून वाडगं येतं त्याचा शब्द त्याच्या लेखी वरचा. तुम्ही त्याला दिवसभर बस म्हणताय, तो बसतोय."

"मी? मी त्याला कधी म्हटलं?"

"त्याला नाही हो. यांना." त्यांनी फौजीकडे बोट केलं. "हुकूम यांना असतो. हे पाळत नाहीत, म्हणून तो पाळतो."

शेजारीण चहा अर्धा टाकून उठली. तिला वर जाऊन सांगण्याजोगं पुरेसं मिळालं होतं.

सुनेनं वाट काढायचा प्रयत्न केला. "त्यालाच दुसरा शब्द शिकवला तर? टेक म्हणा, काहीही म्हणा."

"शिकवण्यापेक्षा पुसायला जास्त दिवस लागतात. तितके दिवस तो केंद्रात राहील, आणि तिथून मग कुणाकडे जाईल ते माझ्या हातात नाही."

"पण मुळात असा शब्द ठेवलाच कशाला? घरोघरी दिवसभर हाच शब्द चालतो की!"

ट्रेनरबाई जरा ओशाळल्या. "खरं आहे. आमच्या लक्षातच आलं नाही. आमच्याकडे 'तू बस, मी करतो' असं कुणी कुणाला म्हणत नाही. तिथं सगळ्यांना ऊठ म्हणतात."

आई इतका वेळ पदराशी चाळा करत होती. "म्हणजे मी पाडलं त्याला?"

"शब्दानं पाडलं, काकू."

"आणि शब्द कुणाचा?"

ट्रेनरबाई खिशात तुकडा चाचपायला लागल्या.

आईनं अबोला धरला. रुसण्यात ती पहिल्यापासून सधन होती. फौजीच्या बापानं हयातीत त्यातलं बरंच वसूल केलेलं. पण या खेपेला अबोल्याची उलटीच जमा झाली. घर शांत झालं आणि साहेब दोन दिवस खांबासारखा उभा राहिला. आपण गप्प राहिलो तर मुलगा उठतो, हे दिसल्यावर तिचा रुसवा आणखी वाढला.

तिसऱ्या दिवशी भांडी आवरताना ती सुनेपाशी बोलली. "तुला नाही कळायचं. वॉर्डात एकच धास्ती असते, पेशंट न सांगता उठेल. उठला की पडला. पडला की घरचे येऊन विचारणार, सिस्टर, तुम्ही कुठे होता? अगं, झोपेतसुद्धा म्हणायचे मी, उठू नका, बसा, मी आणते."

"पण आई, बरे होऊन घरी जायचे ना ते? घरी गेल्यावर उठतच असतील की."

"घरी गेल्यावरचं मला काय माहीत? मी वॉर्डाच्या दारापर्यंतचं बघितलं."

सुनेनं ताटली पुसून जागेवर ठेवली. "मग हा तुमचा पहिलाच पेशंट, जो दाराबाहेर बघायला मिळतोय."

संध्याकाळी साहेबाचं वाडगं तिनं फौजीच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर आणून आदळलं. "घाल तूच. तुझा साहेब आहे."

फौजीनं मूठ धरून वाकून वाडगं खाली ठेवलं. निम्मं जमिनीवर गेलं. आई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती, हात बांधले नसते तर ते आपणहून गेले असते. साहेबानं मात्र त्या दिवशी फौजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बराच वेळ न्याहाळलं, आणि मग तोंड लावलं.

त्यानंतर त्या घरात जी भाषा सुरू झाली ती ऐकण्यासारखी होती. एक शब्द काढून घेतला की आपली बोली किती लंगडी होते, ते तिथं दिसलं. शेजारणीला आई म्हणाली, "ये गं, विराजमान हो," तेव्हा ती दारातूनच परत गेली आणि काकूंचं काही बिनसलंय का, असं जिन्यात दोघांना विचारून आली. सुनेच्या हाताला तव्याचा चटका बसला, तर ती ओरडली, "आई गं! चटका… लागला!" फौजीला तर खेळच मिळाला.

"आई, तुझा आवाज असा का येतोय?"

"घसा… घसा खाली गेलाय."

"खाली म्हणजे कुठे? पोटात?"

"माझ्या तोंडाची परीक्षा बघू नकोस. माझा तुझ्यावर विश्वास… विश्वास राहत नाही."

"आधी राहायचा?"

"गप… गप ऊठ!" आई वैतागून म्हणाली, आणि तिघंही एकमेकांकडे बघायला लागली. गप ऊठ! फौजी हसता हसता उठला. साहेब उभा होताच.

परीक्षेच्या दिवशी प्रमुख वेळेवर आले. गृहस्थ मऊ बोलणारे. सभ्यपणा अंगात इतका मुरलेला की दुसरा शिंकला तरी माफी हे मागणार. साहेबाला पिल्लू असल्यापासून त्यांनीच वाढवलेलं. पहिले धडे त्यांच्याच हातचे. त्यांना पाहून साहेबाची शेपटी कपाटावर नगारा वाजवू लागली.

आईला स्वतःची खात्री नव्हती. तिनं ऐनवेळी तोंडात पाण्याची गुळणी धरली. वाक्प्रचारातली नव्हे, खरी. तांब्यातून घेतलेली.

"काय आजी," प्रमुखांनी अदबीनं विचारलं, "साहेब आल्यापासून घरात कसं वाटतं?"

आजी म्हटलेलं आईला कुणाचंच खपत नसे. तिचे डोळे मोठे झाले, गाल आधीच मोठे होते. तिनं मान हलवली.

प्रमुख ट्रेनरबाईंच्या कानाशी लागले. "यांची वाचा गेलीय का?"

"आजच्यापुरती," ट्रेनरबाई म्हणाल्या.

परीक्षा साधी होती. खुर्चीतून उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, एक वस्तू घेऊन परत यायचं. ट्रेनरबाईंनी वर्तमानपत्राची घडी ठेवली होती, पडली तरी आवाज नाही. पण फौजीच्या मनात वेगळंच होतं. "साहेब, उभा." उठला. खोलीनं फेरा मारला, साहेब तसूभर हलला नाही. "चल." दोघं आत गेले. आतून कपाचा आवाज आला तेव्हा सुनेनं ट्रेनरबाईंकडे बघितलं आणि ट्रेनरबाईंनी छताकडे. फौजी बाहेर आला तो डाव्या हातात मूठ आणि उजव्या हातात प्रमुखांसाठी चहाचा कप घेऊन. काठोकाठ भरलेला. घरी आल्यापासून त्यानं कुणाला काही आणून दिलं नव्हतं, सगळं त्यालाच आणून दिलं जायचं.

तो चार पावलांवर आला आणि प्रमुखांच्या सभ्यपणाला राहवलं नाही. ते अर्धे उठले, दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "अहो, अहो! तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा, बसा!"

साहेब बसला. पिल्लूपणी पहिल्यांदा हा शब्द ज्या तोंडून ऐकला, त्याच तोंडून आला होता, तो बिचारा काय करणार?

मूठ गेली, चहा गेला, कप फुटला आणि फौजी डाव्या गुडघ्यावर आला. सून पुढे धावली, प्रमुख "अरे देवा, अरे देवा" करत पुढे आले, ट्रेनरबाई स्टुलावरून उठल्या. आणि आईनं गुळणी घटकन गिळली.

"कुणी हात लावायचा नाही!"

वॉर्डातला आवाज होता तो. तिघंही जिथल्या तिथे थिजली. आई स्वतः भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिच्या हातांची बोटं भिंतीचा रंग खरवडत होती.

"उठू दे त्याला," ती म्हणाली. एवढंच, आणि तेही हळू.

फौजी जमिनीकडे बघत होता. खोली फिरत असणार, कारण त्यानं डोळे मिटून घेतले. सुनेला वाटलं, आता हा म्हणेल, न्या याला. मग त्यानं डोळे न उघडताच हात लांब केला, मूठ चाचपली, आणि म्हणाला, "साहेब." आवाज चढवला नाही. "उभा."

साहेबानं प्रमुखांकडे एकदा पाहिलं. मग त्यानं पाय रोवले. फौजीनं चांगल्या पायाचा तळवा नीट टेकवला, उजवा हात मांडीवर दाबला, आणि कण्हत, एका बाजूला झुकत, चहाच्या थारोळ्यात घसरता घसरता वर आला. वर आल्यावर थांबला. फेरा होऊ दिला.

प्रमुखांचे कान लाल झाले होते. ते खिशातलं पेन काढून पुन्हा आत ठेवत म्हणाले, "नियम असा आहे की टेकू देताना कुत्रा बसला तर… म्हणजे मला तसं लिहावं लागतं."

"लिहा की," आई म्हणाली. "आणि बसा कोण म्हणालं तेही लिहा. मी पंधरा दिवस जीभ दाताखाली धरून जगले, तुम्हाला पंधरा मिनिटं जमलं नाही!"

"आजी, मी…"

"आणि आजी कुणाची?"

फौजीनं मध्ये हात वर केला. "आई, थांब. चूक यांचीही नाही, साहेबाचीही नाही. फौजेत दोन हुकूम एकामागे एक आले तर शेवटचा पाळतात. साहेबानं तेच केलं." तो प्रमुखांकडे वळला. "शेवटचा माझा होता. तोच पाळला ना त्यानं? तुमच्यासमोर, तुमच्या शब्दावर माझा?"

प्रमुख साहेबाकडे बघत राहिले. पोटच्या पोरानं आपलं न ऐकता दुसऱ्याचं ऐकलं की बापाचा जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता. थोडं वाईट, थोडा अभिमान, आणि अभिमानच जास्त.

"पडल्यावर उठवणं हे आम्ही वर्षानं तपासतो," ते अखेर म्हणाले. "तो प्रश्न तुम्ही आगाऊ सोडवलात. पुढच्या वर्षीचं एक काम कमी झालं." आणि वाकून, सभ्य माणसाला शोभेल अशा बेतानं, कपाचे तुकडे गोळा करू लागले. या खेपेला त्यांना कुणीच काही म्हटलं नाही.

साहेब राहिला.

पुढच्या आठवड्यात फौजी पहिल्यांदा एकटा, फक्त साहेबाला घेऊन बाहेर पडला. कुठे ते सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही, फक्त तोच तोच कोपरा झाडत राहिली. बायको दुकानातून आली तरी तो आला नव्हता.

"बघून येऊ का?" सून म्हणाली.

"काही नको," आई म्हणाली, आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली.

अखेर जिन्यात पावलं वाजली. दोन माणसाची आणि चार साहेबाची, अंतर राखून. फौजी दारात उभा राहिला. घामाघूम, खूश, आणि डोकं असं की सुनेनं तोंडावर हात दाबला. उजवी बाजू बारीक कापलेली, डावी जशीच्या तशी. घरी आल्यापासून त्याचे केस खुर्चीतच कापले जात, आईच्या कात्रीनं. आज तो सलूनमध्ये जाऊन आला होता.

"हे काय रे?" आई म्हणाली.

"सलूनवाला कुत्र्याला भितो. साहेब माझ्या डाव्या बाजूला आडवा पडला, तर हा पठ्ठ्या त्या बाजूला फिरकेचना. उजवीकडूनच जमेल तेवढं केलं आणि म्हणाला, झालं साहेब. आता दोघांतल्या कुणाला म्हणाला, कोण जाणे."

सून भिंतीला टेकून हसत होती. आईला हसू आवरत नव्हतं, पण तिनं हिशेब आधी पुरा करायचं ठरवलं.

"मग असाच हिंडणार का अर्ध्या डोक्यानं? जा परत."

"आत्ता? अगं, पाय दमलाय. पूर्ण जिना आहे."

"दमू दे. आत्ता उघडं असेल त्याचं. साहेबाला हलवू नकोस म्हणावं, खुर्ची फिरव. फिरते ना ती?"

"फिरते."

"मग झालं तर. आणि नीट बघून घे रे, कानावरचं राहायला नको."

फौजीनं साहेबाकडे बघितलं. साहेबानं आईकडे बघितलं, तिच्या हातात वाडगं नाही याची खात्री करून घेतली, आणि आपणहून दाराकडे तोंड केलं. जिन्यात पावलं पुन्हा वाजायला लागली. आई खिडकीशी गेली नाही. केराची सुपली घेऊन ती मघाच्या कोपऱ्यापाशी आली, तिथं झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं हे तिच्या आत्ता लक्षात आलं, आणि ती खुर्ची ओढून चांगली ऐसपैस टेकली.